आश्चर्यकारक वैज्ञानिक वार्ता आणि लोकजिज्ञासा : क्ष-किरण व एन्-किरण यांच्या वार्तांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

विज्ञानातील एखादा अनपेक्षित शोध लागल्याची वार्ता आली की ती केवळ शास्त्रज्ञांपुरती मर्यादित राहत नाही. ज्यांचा त्या विषयाशी अभ्यासक म्हणून काहीही संबंध नाही असे असंख्य लोक ती वाचतात, तिच्याविषयी चर्चा करतात आणि पुढे काय घडेल याचे अंदाज बांधतात. या कुतूहलामागे बहुधा कोणताही व्यावहारिक हेतू नसतो. मनुष्यस्वभावातील जाणून घेण्याची जी मूळ ओढ आहे, तिचाच तो आविष्कार होय. विज्ञानाच्या इतिहासलेखनात प्रयोगशाळा, सिद्धांत आणि संस्था यांना जे स्थान मिळाले, ते या सहज कुतूहलाला मिळालेले नाही. ते वरवरचे, क्षणिक आणि म्हणून अभ्यासास अपात्र मानले गेले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वृत्तपत्रे आणि तारयंत्र यांच्यामुळे वैज्ञानिक वार्ता काही तासांत खंडांतरी पोहोचू लागली, तेव्हापासून हे कुतूहल स्वतःच विज्ञानाच्या इतिहासातील एक घटक बनले आहे.

प्रस्तुत लेखात अशा दोन वार्तांचा तुलनात्मक विचार केला आहे. पहिली वार्ता १८९६ च्या जानेवारीत प्रसृत झालेली क्ष-किरणांची, तर दुसरी १९०३ मध्ये फ्रान्समधील नान्सी येथून आलेली एन्-किरणांची. दोन्ही शोध नामवंत प्राध्यापकांनी जाहीर केले. दोन्हींना अल्पावधीत मोठा प्रतिसाद मिळाला. पहिला खरा ठरला आणि आधुनिक भौतिकशास्त्राच्या व वैद्यकाच्या पायाशी जाऊन बसला; दुसरा तीन वर्षांच्या आत नाहीसा झाला. वार्ता प्रथम कानी येते त्या क्षणी खरे आणि खोटे यांत भेद करण्याची कोणती साधने तत्कालीन लोकांजवळ होती, आणि सहज कुतूहलाने या प्रक्रियेत कोणती भूमिका बजावली, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी : शोध संपल्याची धारणा

१८९० च्या दशकात भौतिकशास्त्राची इमारत जवळजवळ पूर्ण झाली आहे, अशी भावना अनेक विद्वानांमध्ये होती. न्यूटनचे गतिशास्त्र, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आणि मॅक्सवेल यांचा विद्युतचुंबकीय सिद्धांत यांच्या आधारे बहुतेक ज्ञात घटनांचा उलगडा होत होता. अल्बर्ट मायकेलसन यांनी १८९४ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या रायरसन प्रयोगशाळेच्या उद्घाटनप्रसंगी केलेल्या भाषणात, मूलभूत तत्त्वे बहुतांशी प्रस्थापित झाली असून भावी शोध मोजमापाच्या सहाव्या दशांश स्थळी शोधावे लागतील, अशा आशयाचे मत मांडले. हे मत मायकेलसन यांच्यासारख्या काटेकोर प्रयोगकर्त्याचे होते, हे विसरून चालणार नाही. लॉर्ड केल्व्हिन यांनी १९०० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दिलेल्या व्याख्यानात उष्णता व प्रकाश यांच्या सिद्धांतांवर दोनच ढग शिल्लक असल्याचे सांगितले. त्या दोन ढगांतून पुढे सापेक्षता आणि पुंजवाद हे दोन सिद्धांत उदयास आले, हे सर्वश्रुत आहे.

या दाखल्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. भावी शोधांविषयी भाकीत करण्याच्या बाबतीत तज्ज्ञ आणि सामान्य वाचक यांच्यातील अंतर समजले जाते तेवढे मोठे नसते. ज्ञात क्षेत्रात तज्ज्ञाचा अधिकार निर्विवाद असतो. अज्ञाताच्या सीमेवर मात्र त्याची दृष्टीही सवयीने बांधली गेलेली असू शकते. म्हणूनच मायकेलसन यांच्या भाषणानंतर अवघ्या दीड वर्षाने आलेली क्ष-किरणांची वार्ता विद्वानांनाही तेवढीच अनपेक्षित होती, जेवढी ती वृत्तपत्राच्या वाचकाला होती.

क्ष-किरणांची वार्ता

जर्मनीतील वुर्झबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक व्हिल्हेल्म रंटगेन हे १८९५ च्या उत्तरार्धात निर्वात नळीतील कॅथोड किरणांवर प्रयोग करीत होते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी काळ्या जाड कागदाने पूर्णपणे झाकलेल्या नळीतून विद्युतप्रवाह सोडला असता, काही अंतरावर असलेला बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा पडदा अंधारात चमकत असल्याचे त्यांना आढळले. कॅथोड किरण हवेत इतके दूर जाऊ शकत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. त्यानंतरचे जवळजवळ सात आठवडे त्यांनी कोणासही न सांगता या घटनेचा पाठपुरावा केला. नवे किरण कागद, लाकूड व पातळ धातू यांच्यातून आरपार जातात, शिसे त्यांना अडवते, चुंबकाने ते वळत नाहीत आणि छायाचित्रणाच्या काचेवर त्यांचा परिणाम होतो, हे एकामागून एक निश्चित झाले. २२ डिसेंबर रोजी त्यांनी पत्नी बेर्था यांच्या हाताची प्रतिमा घेतली. तीत हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती.

२८ डिसेंबर १८९५ रोजी रंटगेन यांनी आपला निबंध वुर्झबर्गच्या भौतिकी-वैद्यक मंडळाकडे सुपूर्द केला. या किरणांचे स्वरूप अज्ञात असल्यामुळे त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे चिन्ह नाव म्हणून वापरले. मराठीत त्या चिन्हासाठी शालेय बीजगणितात ‘क्ष’ हे अक्षर रूढ होते. त्यामुळे ‘क्ष-किरण’ ही संज्ञा मराठीत केवळ भाषांतर म्हणून आलेली नाही, तर मूळ नावातील अज्ञाताचा अर्थही तिने जसाच्या तसा जपला आहे.

१ जानेवारी १८९६ रोजी निबंधाच्या प्रती आणि काही छायाचित्रे निरनिराळ्या देशांतील भौतिकशास्त्रज्ञांकडे टपालाने रवाना झाली. त्यांपैकी एक संच व्हिएन्ना येथील फ्रान्झ एक्सनर यांच्याकडे पोहोचला. त्यांच्याकडे जमलेल्या मित्रमंडळींत अर्न्स्ट लेखर हे भौतिकशास्त्रज्ञ होते आणि त्यांचे वडील व्हिएन्नातील ‘डी प्रेस’ या वृत्तपत्राचे संपादक होते. परिणामी ५ जानेवारी १८९६ च्या अंकात पहिल्याच पृष्ठावर ही वार्ता झळकली. तेथून ती तारेने लंडनला व पुढे जगभर गेली. या घाईत संशोधकाचे नावही चुकीचे छापले गेले. ‘नेचर’ या नियतकालिकात निबंधाचे इंग्रजी भाषांतर २३ जानेवारी रोजी प्रसिद्ध झाले. याचा अर्थ असा की, इंग्रजी जाणणाऱ्या बहुसंख्य शास्त्रज्ञांनाही ही बातमी प्रथम दैनिक वृत्तपत्रातूनच कळली. तज्ज्ञ आणि सामान्य वाचक त्या दोन-तीन आठवड्यांत एकाच पातळीवर उभे होते.

या वार्तेवर अविश्वास दाखविणारे थोडे नव्हते. तथापि तिच्यासोबत एक असाधारण पुरावा होता, तो म्हणजे छायाचित्र. हाताच्या हाडांची ती प्रतिमा पाहण्यासाठी भौतिकशास्त्राचे शिक्षण आवश्यक नव्हते. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, प्रयोगासाठी लागणारी निर्वात नळी आणि उच्च दाबाचे विद्युतयंत्र ही सामग्री युरोप-अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अगोदरच उपलब्ध होती. ज्याला शंका होती त्याला ती काही दिवसांत स्वतः तपासून पाहता येत होती. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात ३ फेब्रुवारी १८९६ रोजी एका मुलाच्या मोडलेल्या मनगटाची क्ष-किरण प्रतिमा घेण्यात आली. वार्ता प्रथम छापली गेल्यापासून ती उपचारासाठी उपयोगात येईपर्यंत एक महिनाही लोटला नव्हता. त्या एका वर्षात या विषयावर एक हजाराहून अधिक लेख आणि सुमारे ५० पुस्तके व पुस्तिका प्रसिद्ध झाल्या.

लोकजिज्ञासेची दोन रूपे

क्ष-किरणांच्या वार्तेने चेतविलेल्या कुतूहलाची दोन भिन्न रूपे इतिहासात नोंदली गेली आहेत. पहिले रूप फलदायी ठरले. २० जानेवारी १८९६ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या बैठकीत आंरी प्वँकारे यांनी रंटगेन यांच्या शोधाची माहिती दिली. तेथे उपस्थित असलेल्या आंरी बेक्रेल यांनी हे किरण नळीच्या कोणत्या भागातून निघतात, असे विचारले. नळीच्या काचेवर जेथे कॅथोड किरण आदळतात व काच चमकते त्या जागेतून, असे उत्तर मिळाले. त्यावरून चमकणारे इतर पदार्थही असे किरण सोडत असावेत, असा तर्क पुढे आला. बेक्रेल यांनी युरेनियमच्या क्षारांवर प्रयोग केले. फेब्रुवारीच्या अखेरीस आकाश ढगाळ राहिल्यामुळे सूर्यप्रकाश न मिळालेल्या काचा त्यांनी खणात ठेवून दिल्या आणि १ मार्च रोजी त्या धुऊन पाहिल्या, तेव्हा त्यांवर क्षाराची आकृती गडद उमटलेली दिसली. मूळ तर्क चुकीचा होता. चमकण्याचा या किरणांशी काही संबंध नव्हता. परंतु त्या चुकीच्या तर्कातून किरणोत्सर्गाचा शोध लागला. आश्चर्यकारक वार्ता ऐकून विचारलेला एक साधा प्रश्न दुसऱ्या, तितक्याच आश्चर्यकारक शोधाचे निमित्त ठरला.

दुसरे रूप अधीरतेचे होते. वस्तूंच्या आतले दिसते म्हणजे मनातले विचारही दिसतील, अशा कल्पना पसरल्या. वृत्तपत्रसृष्टीतील बडे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी फेब्रुवारी १८९६ मध्ये थॉमस एडिसन यांना मानवी मेंदूचे क्ष-किरण छायाचित्र घेण्याची विनंती केली. एडिसन यांनी प्रयत्न केले आणि वार्ताहर त्यांच्या प्रयोगशाळेबाहेर निकालाची वाट पाहत थांबले. कवटीच्या हाडांमुळे ते साध्य झाले नाही. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कच्या विद्युत प्रदर्शनात एडिसन यांच्या उपकरणाद्वारे लोकांना आपल्या हाताची हाडे पाहण्याची सोय करण्यात आली आणि त्यासाठी मोठी गर्दी लोटली.

या उत्साहाला एक दुःखद बाजूही आहे. क्ष-किरण पूर्णपणे खरे होते, परंतु ते निरुपद्रवी आहेत हे गृहीतक कोणीही तपासलेले नव्हते. एडिसन यांचे सहायक क्लॅरन्स डॅली यांनी नळ्या तपासताना वर्षानुवर्षे आपले हात किरणांसमोर धरले. त्वचा जळाली, व्रण झाले, कर्करोग झाला. दोन्ही हात कापावे लागले आणि ऑक्टोबर १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. एडिसन यांनी पुढे क्ष-किरणांवरील काम सोडून दिले. वार्ता खरी असली म्हणजे तिच्याविषयीच्या सर्व अपेक्षाही निर्धोक असतात असे नाही, ही शिकवण या मृत्यूने दिली. मात्र प्रदर्शनातील गर्दीपर्यंत ती पोहोचण्यास बराच काळ जावा लागला.

एन्-किरणांची वार्ता

१८९५ ते १९०० या अल्प कालखंडात क्ष-किरण, किरणोत्सर्ग, इलेक्ट्रॉन, पोलोनियम, रेडियम आणि गॅमा किरण असे एकामागून एक शोध लागले. दहा वर्षांपूर्वी भावी शोधांना जागाच उरली नाही असे वाटत होते, तेथे आता काहीही शक्य आहे असे वाटू लागले. या बदललेल्या मनोभूमिकेत रेने ब्लाँद्लो यांचा दावा पुढे आला.

ब्लाँद्लो हे नान्सी विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. विद्युत तरंगांचा वेग मोजण्याच्या प्रयोगांमुळे त्यांची कीर्ती प्रस्थापित झालेली होती. १९०३ च्या प्रारंभी ते क्ष-किरणांचे ध्रुवीकरण होते का, हे तपासत होते. किरणांच्या मार्गात ठेवलेल्या लहानशा विद्युत ठिणगीची चमक कमी-अधिक होते का, हे डोळ्यांनी पाहणे अशी त्यांची पद्धत होती. चमक वाढते असे त्यांना दिसले. परंतु क्वार्ट्झच्या लोलकातून नेल्यास हा परिणाम घडविणारे किरण वळतात, असेही दिसले. क्ष-किरण लोलकाने वळत नाहीत हे ज्ञात असल्यामुळे, हे किरण वेगळे असले पाहिजेत असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि आपल्या नगरीच्या आद्याक्षरावरून त्यांना एन्-किरण असे नाव दिले.

त्यानंतरची वाटचाल अत्यंत वेगाने झाली. गॅसच्या दिव्यातील जाळी, तापलेले धातू आणि सूर्य यांच्यापासून हे किरण निघतात. लाकूड, काळा कागद व अॅल्युमिनियम यांच्यातून ते जातात. पाणी त्यांना अडवते, असे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नान्सी येथीलच ओग्युस्तँ शार्पांतिए यांनी मानवी स्नायू व मज्जातंतूही एन्-किरण सोडतात असे जाहीर केले. किरणोत्सर्गाच्या संशोधकाचे पुत्र जाँ बेक्रेल यांनी क्लोरोफॉर्मच्या योगे धातूंचे हे उत्सर्जन थांबते, अशा अर्थाचे निरीक्षण मांडले. १९०३ ते १९०६ या काळात सुमारे १०० शास्त्रज्ञांनी जवळजवळ ३०० लेख या विषयावर लिहिले. त्यांपैकी बरेच लेख पॅरिसच्या अकादमीच्या साप्ताहिक कार्यवृत्तात छापून आले. अकादमीच्या सदस्यामार्फत सादर झालेले टिपण त्या कार्यवृत्तात त्वरेने प्रसिद्ध होत असे. १९०४ मध्ये अकादमीने ब्लाँद्लो यांना ५०,००० फ्रँकचे लकाँत पारितोषिक दिले. ते त्यांच्या एकूण कार्यासाठी असल्याचे नमूद करण्यात आले.

तथापि फ्रान्सबाहेर चित्र वेगळे होते. इंग्लंडमध्ये लॉर्ड केल्व्हिन व विल्यम क्रुक्स यांना आणि जर्मनीत हाइन्रिख रूबेन्स व ओटो लुमर यांना हे किरण दिसले नाहीत. ज्यांना ते दिसत नव्हते त्यांच्याविषयी, त्यांचे डोळे पुरेसे संवेदनक्षम नाहीत किंवा त्यांना अंधाराची सवय झालेली नाही, असे स्पष्टीकरण दिले जाई. या स्पष्टीकरणातच दाव्याचे मर्मस्थान होते. किरणांचा पुरावा निरीक्षकाच्या डोळ्यापासून अलग करता येत नव्हता. अंधुक प्रकाशातील अत्यल्प फरक हा पाहणाऱ्याच्या अपेक्षेनुसार वाढतो वा कमी होतो, ही बाब दुर्लक्षित राहिली. ब्लाँद्लो यांनी छायाचित्रेही प्रसिद्ध केली होती; परंतु त्यांतील फरक रंटगेन यांच्या हाताच्या प्रतिमेसारखा स्वयंस्पष्ट नव्हता आणि काचा समान काळ उघड्या राहिल्या होत्या का, याविषयी शंका घेतल्या गेल्या.

वुड यांची नान्सीभेट

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्रकाशशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी सप्टेंबर १९०४ मध्ये नान्सीच्या प्रयोगशाळेस भेट दिली. ब्लाँद्लो यांनी त्यांना अॅल्युमिनियमच्या लोलकाने एन्-किरणांचा वर्णपट कसा पसरतो, याचा प्रयोग दाखविला. दीप्तिमान पदार्थ लावलेला एक धागा पुढे-मागे सरकवून त्याची चमक जेथे वाढते ती स्थाने ते अंधारात वाचून दाखवीत होते. वुड यांना काहीच फरक दिसत नव्हता. ज्या फटीतून किरण येत होते ती काही मिलिमीटर रुंद असताना, मिलिमीटरच्या दशांशापर्यंतची मोजमापे कशी शक्य होतात, असा प्रश्नही त्यांनी उपस्थित केला. अखेर अंधाराचा फायदा घेऊन त्यांनी लोलक गुपचूप काढून घेतला. मोजमापे पूर्वीप्रमाणेच सुरू राहिली. दुसऱ्या एका प्रयोगात किरणांचा स्रोत मानलेल्या पोलादी कानशीच्या जागी त्यांनी लाकडाचा तुकडा ठेवला. तरीही निरीक्षणात फरक पडला नाही.

वुड यांचे पत्र २९ सप्टेंबर १९०४ रोजी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले आणि फ्रान्सबाहेर एन्-किरणांचा विषय जवळजवळ संपला. फ्रान्समध्ये ‘रव्ह्यू सिआंतिफिक’ या नियतकालिकाने वैज्ञानिकांची मते मागविली. पुढे एक निर्णायक चाचणीही सुचविण्यात आली. दिसण्यात एकसारख्या बंद पेट्यांपैकी कोणतीतून किरण निघतात, हे ब्लाँद्लो यांनी ओळखावे, असे तिचे स्वरूप होते. त्यांनी ती नाकारली. १९०९ मध्ये ते निवृत्त झाले.

या प्रकरणाच्या उत्तरकथेचाही विचार आवश्यक आहे. विल्यम सीब्रुक यांनी १९४१ मध्ये लिहिलेल्या वुड यांच्या चरित्रात, या आघातामुळे ब्लाँद्लो यांना वेड लागून त्यांचा मृत्यू झाला असे म्हटले आहे आणि ही हकिकत नंतर अनेकांनी उद्धृत केली. वस्तुतः ब्लाँद्लो १९३० पर्यंत हयात होते. एका असत्य शोधाचा निकाल लावणाऱ्या कथेत दुसरे असत्य शिरले आणि ते अधिक काळ टिकले. ज्या वाचकवर्गाला आश्चर्यकारक शोधाचे आकर्षण असते, त्यालाच नाट्यमय अधःपाताचेही असते, एवढाच याचा अर्थ.

दोन वार्तांतील साम्य आणि भेद

दोन्ही शोधांची घोषणा प्रामाणिक व अनुभवी प्राध्यापकांनी केली. दोन्ही प्रसंगी किरणांचे स्वरूप अज्ञात होते. क्ष-किरण म्हणजे नेमके काय, हे १९१२ मध्ये माक्स फोन लौए व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकांच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगापर्यंत निश्चित झाले नव्हते. म्हणजे सतरा वर्षे ते अक्षरशः ‘क्ष’ राहिले. तेव्हा स्पष्टीकरण नसणे हे वार्ता खोटी असल्याचे लक्षण नव्हे, आणि संशोधकाची प्रतिष्ठा हे ती खरी असल्याचे लक्षण नव्हे. वार्तेतील आश्चर्याचे प्रमाणही येथे उपयोगी पडत नाही. कारण हाडे दाखविणारे किरण हे ठिणगीची चमक किंचित वाढविणाऱ्या किरणांहून कितीतरी अधिक अविश्वसनीय होते.

मग भेद कोठे आहे? पहिला भेद पुराव्याच्या स्वरूपात आहे. क्ष-किरणांचा पुरावा काचेवर उमटत होता व तो कोणालाही, केव्हाही पाहता येत होता. एन्-किरणांचा पुरावा निरीक्षकाच्या डोळ्यातच होता. दुसरा भेद पुनरावृत्तीच्या भूगोलात आहे. क्ष-किरण वुर्झबर्ग, लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क अशा सर्व ठिकाणी सारखेच दिसले. एन्-किरण प्रामुख्याने फ्रान्समध्ये आणि त्यातही नान्सीच्या परिघात दिसले. १८७१ मध्ये आल्सेस व लोरेनचा काही भाग जर्मनीकडे गेल्यानंतर नान्सी हे सीमेजवळचे महत्त्वाचे फ्रेंच विद्याकेंद्र बनले होते. विज्ञानाच्या इतिहासकार मेरी जो नाय यांनी १९८० मधील आपल्या लेखात या प्रकरणाची संस्थात्मक व मानसिक बाजू उलगडून दाखविली. त्यामुळे हे केवळ एका व्यक्तीच्या भ्रमाचे प्रकरण नसून, एका विद्वत्समाजाच्या अपेक्षांचे प्रकरण होते, असे मानणे अधिक न्याय्य ठरते. तिसरा भेद प्रगतीच्या दिशेत आहे. क्ष-किरणांची साधने जसजशी सुधारली तसतशा प्रतिमा अधिक स्पष्ट झाल्या. एन्-किरणांचा परिणाम मात्र कितीही लेख लिहिले गेले तरी दिसण्याच्या सीमेवरच रेंगाळत राहिला. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९५३ मधील एका व्याख्यानात अशा संशोधनाची जी लक्षणे सांगितली, त्यांत या सीमेवरच्या परिणामाला अग्रस्थान दिले होते.

याच्या उलट उदाहरणही लक्षात घेण्याजोगे आहे. २२ फेब्रुवारी १८९० रोजी फिलाडेल्फिया येथे आर्थर गुडस्पीड आणि विल्यम जेनिंग्स यांच्या हातून योगायोगाने क्ष-किरणांची एक प्रतिमा तयार झाली होती. काचेवर उमटलेल्या गोल डागांचे कारण न कळल्यामुळे ती बाजूला ठेवण्यात आली आणि रंटगेन यांची वार्ता आल्यावर तिचा अर्थ लागला. त्यांनी प्रथम शोधाचा मान स्वतःकडे घेतला नाही. खरे आश्चर्य समोर असूनही त्याचा पाठपुरावा न होणे आणि नसलेल्या आश्चर्याचा पाठपुरावा होत राहणे, ही दोन्ही टोके त्याच काळात आढळतात.

उत्तरकालीन दाखले

वरील निकष नंतरच्या वार्तांनाही लागू पडतात. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील यूटा विद्यापीठात स्टॅन्ले पॉन्स आणि मार्टिन फ्लायश्मन यांनी वार्ताहर परिषदेत शीत संमीलनाचा दावा केला. जड पाण्यात पॅलॅडियमचा विद्युताग्र ठेवून साध्या तापमानाला अणुकेंद्रांचे संमीलन होते, असा तो दावा होता. स्वस्त व अमर्याद ऊर्जेच्या आशेने जगभर प्रयोग सुरू झाले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही संचालक पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने अनेक गटांनी काम केले आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम आढळल्याची निरीक्षणे त्याच वर्षी अहवालरूपाने नोंदविली. जागतिक वैज्ञानिक समाजात मात्र मूळ दाव्याला मान्यता मिळाली नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने नेमलेल्या समितीने नोव्हेंबर १९८९ मध्ये उपलब्ध पुरावा समाधानकारक नसल्याचे मत दिले.

सप्टेंबर २०११ मध्ये आलेली वार्ता वेगळ्या रीतीने हाताळली गेली. जिनिव्हाजवळील सर्न येथून सुमारे ७३० किलोमीटर अंतरावरील इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो हे कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात, असे ‘ऑपेरा’ प्रयोगाच्या गटाने जाहीर केले. तसे करताना त्यांनी हा शोध म्हणून न मांडता, चूक असल्यास ती शोधण्याचे आवाहन इतरांना केले. २०१२ मध्ये प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नसल्याचे निष्पन्न झाले आणि सापेक्षता सिद्धांत अबाधित राहिला. या सहा महिन्यांत असंख्य सामान्य वाचकांना न्यूट्रिनो म्हणजे काय, वेळ कशी मोजतात आणि चूक कशी शोधतात, हे कळले. वार्ता खोटी ठरली, परंतु तिच्याभोवतीचे कुतूहल वाया गेले नाही.

निष्कर्ष

या विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. आश्चर्यकारक वार्तेविषयीचे सहज कुतूहल हे ज्ञानाचे शत्रू नव्हे. १८९६ मध्ये त्याच कुतूहलाने बेक्रेल यांना प्रश्न विचारावयास लावले आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना कामास लावले. दुसरे असे की, एन्-किरणांच्या प्रसंगी फसगत झाली ती प्रामुख्याने सामान्य वाचकांची नव्हे, तर प्रशिक्षित शास्त्रज्ञांची. आणि ती कुतूहल अधिक असल्यामुळे नव्हे, तर ते एका उत्तरावर लवकर स्थिरावल्यामुळे. तिसरे असे की, वार्ता खरी ठरली तरी तिच्याविषयीची चौकशी थांबवून चालत नाही; क्लॅरन्स डॅली यांचा मृत्यू खऱ्या किरणांनी झाला.

मराठीत १९२८ पासून ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने आणि १९६६ पासून मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानातील नव्या घडामोडी वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य केले. माहिती पोहोचविण्याच्या या कार्याला आता परीक्षणाच्या सवयीची जोड देण्याची जबाबदारी महाविद्यालयीन अध्यापकांवर येते. वर्गात एखादा विद्यार्थी नुकतीच वाचलेली विलक्षण बातमी घेऊन येतो, तेव्हा ती खरी की खोटी हे अध्यापकाला त्या क्षणी सांगता येईलच असे नाही. मायकेलसन यांनाही भविष्य सांगता आले नव्हते. परंतु पुरावा कोठे उमटला आहे, तो दुसऱ्या कोणाला मिळाला आहे का आणि मोजमाप सुधारल्यावर परिणाम वाढतो की विरतो, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याबरोबर विचारणे कोणत्याही विषयाच्या अध्यापकास शक्य आहे. नान्सीतील त्या अंधाऱ्या खोलीत लोलक जागेवर आहे की नाही, हे पाहण्यासाठी दिवा लावणे पुरेसे होते.